पुनर्वापरक्षम सुती एअर फिल्टरची स्वच्छता व देखभाल : एक शास्त्रीय विवेचन

सारांश

मोटारीच्या इंजिनास लागणारी हवा गाळून देणाऱ्या पारंपरिक कागदी फिल्टरऐवजी धुऊन पुन्हा वापरता येणारा, तेल दिलेला सुती फिल्टर बसविण्याची प्रथा अनेक वाहनधारकांत रूढ आहे. 'एकदा घ्या आणि कायम वापरा' या समजुतीने तो घेतला जातो, परंतु त्याची देखभाल बहुधा कागदी फिल्टरप्रमाणेच, म्हणजे झटकून आणि दाबाची हवा मारून केली जाते. प्रस्तुत लेखात या फिल्टरचे कार्यतत्त्व, त्याच्या लाभाची खरी मर्यादा आणि त्याच्या स्वच्छतेची योग्य पद्धत यांचे विवेचन केले आहे. फिल्टर केवळ मळका दिसतो म्हणून धुणे आणि धुतल्यावर अंदाजाने तेल देणे या दोन गोष्टींमुळे फिल्टरचा लाभ नष्ट होऊन इंजिनाची झीज वाढू शकते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : एअर फिल्टर, गाळणक्षमता, हवेचा अवरोध, धूळ, केशाकर्षण, इंजिनाची झीज, देखभाल.

१. प्रस्तावना

मोटार घेतल्यानंतर आपण तिचे इंधन, तिचे टायर आणि तिची बॅटरी यांकडे लक्ष देतो. इंजिन जी वस्तू सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरते तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे हवा. हवेसाठी पैसे पडत नाहीत, म्हणून तिचा हिशेबही राहत नाही. तथापि या हवेबरोबर जी धूळ आत जाऊ पाहते, तिला थोपविण्याचे काम एका साध्या दिसणाऱ्या चुणीदार चौकटीवर सोपविलेले असते. या चौकटीची निगा कशी राखावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

धुऊन वापरता येणाऱ्या सुती फिल्टरचे नाव निघताच 'के अँड एन' या अमेरिकन कंपनीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडॉनल्ड या दोघांनी १९६९ साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे ही कंपनी स्थापन केली आणि दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. आरंभी मोटारसायकलींशी निगडित असलेल्या या व्यवसायातून पुढे तेल दिलेल्या सुती फिल्टरचे उत्पादन जगभर पोहोचले. आज अनेक उत्पादक असे फिल्टर तयार करतात. रचना साधारणतः सारखीच असल्याने पुढील विवेचन या संपूर्ण प्रकारास लागू पडते. फोमचे फिल्टर आणि तेलाशिवाय वापरावयाचे कृत्रिम धाग्यांचे फिल्टर यांची पद्धत मात्र वेगळी आहे. विशेषतः तेलाशिवाय वापरावयाच्या फिल्टरला तेल कधीही देऊ नये.

लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) तेल दिलेला सुती फिल्टर धूळ कशी अडवितो हे स्पष्ट करणे, (२) त्याच्यापासून होणाऱ्या लाभाची मर्यादा तपासणे, आणि (३) स्वच्छतेच्या प्रत्येक पायरीमागील कारण देऊन पद्धतीची मांडणी करणे.

२. हवा आणि धूळ यांचा हिशेब

पेट्रोलचे संपूर्ण ज्वलन होण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ०.७४ किलोग्रॅम धरल्यास त्यासाठी जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा लागेल. हवेची घनता घनमीटरला साधारण १.२ किलोग्रॅम असल्याने ही हवा सुमारे ९ घनमीटर, म्हणजेच ९,००० लिटर भरते. लिटरला १६ किलोमीटर धावणारी मोटार ८०,००० किलोमीटरच्या प्रवासात ५,००० लिटर पेट्रोल जाळते आणि सुमारे ४५,००० घनमीटर हवा ओढून घेते.

या हवेत धूळ किती असते? भारतातील २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. या मर्यादेइतकीच धूळ धरली, तर ८०,००० किलोमीटरमध्ये फिल्टरसमोर सुमारे २.७ ग्रॅम धूळ येईल. परंतु मोटार प्रयोगशाळेच्या अंगणात धावत नाही. पुढील ट्रकने उडविलेला फुफाटा, रस्त्याच्या कामावरील भुकटी आणि उन्हाळ्यातील कच्चे रस्ते येथे धुळीचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. उदाहरणादाखल ते सरासरी एक मिलिग्रॅम धरल्यास हाच आकडा ४५ ग्रॅमवर जातो.

येथे गाळणक्षमतेच्या टक्केवारीचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. एका फिल्टरची गाळणक्षमता ९९ टक्के आणि दुसऱ्याची ९७ टक्के असल्यास फरक केवळ दोन टक्क्यांचा वाटतो. इंजिनाच्या दृष्टीने मात्र किती धूळ अडली यापेक्षा किती धूळ आत गेली हे महत्त्वाचे असते. वरील ४५ ग्रॅमपैकी पहिल्या फिल्टरमधून ०.४५ ग्रॅम धूळ निसटेल, तर दुसऱ्यामधून १.३५ ग्रॅम. म्हणजे दोन टक्क्यांचा फरक वस्तुतः तिपटीचा फरक आहे.

ही धूळ साधी माती नसते. तिच्यातील क्वार्ट्झचे म्हणजे गारगोटीच्या जातीचे कण मोहस् मापनश्रेणीत ७ इतक्या कठीणतेचे असतात आणि सिलिंडरच्या ओतीव लोखंडाहून ते कठीण असतात. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकातील फेल्डस्पार व पायरॉक्सिन ही खनिजे त्याहून काहीशी मऊ असली, तरी खडी फोडताना आणि रस्ते बांधताना उडणारी त्यांची टोकदार भुकटी निरुपद्रवी म्हणता येत नाही. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधील तेलाचा थर याहून कितीतरी पातळ असतो. काही मायक्रॉनपासून वीस-एक मायक्रॉनपर्यंतचे कण या थरात शिरून दोन्ही पृष्ठभाग घासत राहतात. पुढे इंजिन तेल पिऊ लागते आणि त्याचा दाब कमी होतो. ही झीज हळूहळू होत असल्याने तिचा संबंध काही वर्षांपूर्वी चुकीच्या पद्धतीने धुतलेल्या फिल्टरशी कोणी जोडत नाही.

३. तेल दिलेल्या सुती फिल्टरचे कार्यतत्त्व

फिल्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते : छिद्रापेक्षा मोठा कण अडतो आणि लहान कण निसटतो. सुती फिल्टरच्या बाबतीत ही उपमा दिशाभूल करणारी आहे. त्याच्या विरळ विणीच्या कापडाची छिद्रे अनेक धूलिकणांहून मोठी असतात आणि तरीही ते कण अडतात. याचे कारण तेलात आहे.

या फिल्टरमध्ये विरळ विणीच्या सुती कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून ते ॲल्युमिनियमच्या तारेच्या दोन जाळ्यांमध्ये धरलेले असतात. या संचाला चुण्या घालून त्याच्या कडा पॉलियुरेथेनच्या लवचीक पट्टीत बसविलेल्या असतात. चुण्यांमुळे थोड्या जागेत मोठे क्षेत्रफळ मिळते. कापडाला विशिष्ट चिकट तेल दिलेले असते आणि ते सर्वत्र पोहोचले की नाही हे कळावे म्हणून त्यात बहुधा लाल किंवा निळा रंग मिसळलेला असतो.

हवा या थरांतून जाताना धाग्यांना वळसा घालत वाकडीतिकडी वाट काढते. जड कणांना जडत्वामुळे हे वळण घेता येत नाही आणि ते धाग्यावर आदळतात. मध्यम कण प्रवाहाबरोबर वळतात, परंतु धाग्याच्या अगदी जवळून जाताना त्याला स्पर्श करून अडकतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इतस्ततः भरकटत अखेर धाग्याला लागतात. मात्र धाग्याला लागलेला कण तेथेच राहिला पाहिजे. कोरड्या सुती धाग्यावर आदळलेला कण उसळून पुढे जाऊ शकतो. तेलाच्या थरावर आदळलेला कण चिकटून बसतो आणि केशाकर्षणाने वर चढलेले तेल त्या कणालाही वेढून टाकते. अशा प्रकारे पकडलेला कण पुढच्या कणासाठी नवा सापळा बनतो. तात्पर्य, या फिल्टरमध्ये कापड हा आधार असून गाळण्याच्या कामाचा मोठा भार तेलावर असतो. तेलाविना बसविलेला सुती फिल्टर हा नावापुरताच फिल्टर ठरतो.

हे तत्त्व आपल्याकडील शेतकऱ्यांना अपरिचित नाही. ट्रॅक्टरवर दीर्घकाळ वापरात असलेल्या ऑइल बाथ एअर क्लीनरमध्ये हवा तेलाच्या वाटीवरून वळवून तारेच्या गुंडाळीतून नेली जाते आणि धूळ तेलात बसते. वाटीतील तेल गाळाने भरले की ते बदलायचे आणि तेलाची पातळी खुणेच्या वर जाऊ द्यायची नाही, हा नियम अनुभवी ट्रॅक्टरचालक काटेकोरपणे पाळतात. सुती फिल्टरची देखभाल हे याच नियमाचे वेगळे रूप आहे.

४. 'परफॉर्मन्स' या शब्दाचा अर्थ आणि मर्यादा

सुती फिल्टरची प्रमुख जाहिरात 'अधिक हवा, अधिक शक्ती' अशी केली जाते. हे विधान तत्त्वतः खोटे नाही, पण त्याचे परिमाण पाहणे आवश्यक आहे. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. फिल्टर बदलल्याने हवेच्या मार्गातील अवरोध एक किलोपास्कलने कमी झाला असे मानले, तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा साधारण एक टक्क्यानेच वाढेल आणि तीही थ्रॉटल पूर्ण उघडा असताना. तुलनेसाठी, मुंबईहून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यास आल्यावर वातावरणाचा दाबच सुमारे सहा टक्क्यांनी घटतो. टर्बोचार्जर नसलेल्या मोटारीस घाट चढल्याने जो तोटा होतो, त्याच्या एका अंशाचीच भरपाई फिल्टर करू शकतो.

इंधनाच्या बचतीविषयीही अशीच सावधगिरी हवी. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंधन-अंतःक्षेपण असलेल्या आधुनिक पेट्रोल मोटारींमध्ये फिल्टर तुंबला तरी इंधनखर्चात लक्षणीय फरक पडत नसल्याचे आढळले. फरक पडला तो वेग घेण्याच्या क्षमतेत. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारीत मात्र तुंबलेला फिल्टर बदलल्याने इंधनाची बचत झाली. याचे कारण सरळ आहे. पेट्रोल इंजिनात हवेवर नियंत्रण ठेवणारा थ्रॉटल हाच मुळात एक मोठा अवरोध असतो. फिल्टरने थोडा अवरोध वाढविला, तर चालकाचा पाय नकळत थोडा अधिक दाबला जातो. सेन्सर प्रत्यक्ष आलेल्या हवेनुसार इंधन मोजून देतात, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण बिघडत नाही.

यावरून असे दिसते की, सामान्य वापराच्या मोटारीत सुती फिल्टरचा लाभ मर्यादित आहे. चांगल्या कागदी फिल्टरची संपूर्ण चाचणीतील गाळणक्षमता ९९ टक्क्यांहून अधिक असते. सुती फिल्टरसाठी सामान्यतः ९७ ते ९९ टक्क्यांच्या आसपासचे आकडे दिले जातात. हे आकडे वाचताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला, चाचणी कोणत्या धुळीने केली? आयएसओ ५०११ या प्रमाणित चाचणीत ॲरिझोनातील वाळूपासून केलेली बारीक किंवा भरड धूळ वापरतात आणि भरड धुळीचा आकडा साहजिकच चांगला येतो. दुसरा, तो आकडा आरंभीच्या गाळणक्षमतेचा आहे की धूळ साठत गेल्यानंतरच्या एकूण गाळणक्षमतेचा? या दुसऱ्या प्रश्नाचा स्वच्छतेशी प्रत्यक्ष संबंध आहे.

५. फिल्टर केव्हा धुवावा?

घरातील स्वच्छतेच्या कल्पनेनुसार जे पांढरे ते स्वच्छ आणि जे काळवंडले ते धुण्याजोगे. फिल्टरला हा निकष लावता येत नाही. धूळ साठत जाते तसतशी फिल्टरची गाळणक्षमता सुरुवातीस वाढते, कारण अडकलेले कण नव्या कणांना अडवितात. याच वेळी हवेचा अवरोधही हळूहळू वाढतो. नुकताच धुतलेला फिल्टर हवा सर्वांत सहज सोडतो, पण धूळही तुलनेने अधिक सोडतो. म्हणून दर महिन्याला फिल्टर धुणारा उत्साही मालक आपले इंजिन वारंवार त्या सर्वांत कमी संरक्षणाच्या अवस्थेत नेऊन ठेवतो. शिवाय प्रत्येक धुण्यात कापडाचे धागे सरकण्याचा, कडेची पट्टी उचलली जाण्याचा आणि तेल कमीअधिक पडण्याचा धोका असतोच.

के अँड एनने मोटारीच्या मूळ डब्यात बसणाऱ्या आपल्या फिल्टरसाठी सर्वसाधारण महामार्गावरील वापरात सुमारे ५०,००० मैल, म्हणजे ८०,००० किलोमीटर, इतके अंतर सुचविले असून धुळीच्या प्रदेशात ते कमी करण्यास सांगितले आहे. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. वर्षाला १२,००० किलोमीटर मोटार चालविणाऱ्यास ८०,००० किलोमीटर पूर्ण करण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात सहा उन्हाळ्यांची धूळ आणि सहा पावसाळ्यांचा ओलावा फिल्टरवरून जातो. म्हणून अंतरावर विसंबण्यापेक्षा तपासणीवर भर देणे योग्य होय. मोटारीच्या प्रत्येक नियमित सर्व्हिसिंगच्या वेळी, तसेच दरवर्षी उन्हाळा संपताना फिल्टर काढून पाहावा. बाहेरच्या बाजूने तारेची जाळी सर्वत्र दिसत असेल, तर रंग कितीही मळका असला तरी धुण्याची निकड नाही. धुळीच्या थराखाली जाळी दिसेनाशी झाली, चुण्यांच्या खाचा भरून आल्या किंवा कापडाला तेलाचा रंग राहिला नाही, तर मात्र धुण्याची वेळ आली असे समजावे.

६. स्वच्छतेची पद्धत

(अ) फिल्टर काढणे : इंजिन थंड झाल्यावर काम सुरू करावे. डब्याच्या क्लिपा काढण्यापूर्वी झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, अन्यथा झाकण उघडताच ती आत पडते. फिल्टर काढल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड स्वच्छ कापडाने झाकावे. फिल्टर बाहेर असताना इंजिन कदापि सुरू करू नये. तसे ते चुकून सुरू होऊ नये म्हणून चावी दुसरीकडे ठेवणे इष्ट.

(आ) सुटी धूळ झाडणे : फिल्टरची मळकी बाजू खाली करून तो हलकेच थोपटावा आणि मऊ ब्रशने चुण्यांच्या दिशेने धूळ झाडावी. चुण्यांच्या आडव्या दिशेने ब्रश ओढल्यास तारा वाकतात.

(इ) द्रावण लावणे : याच फिल्टरसाठी मिळणारे पाण्यात विरघळणारे स्वच्छता-द्रावण दोन्ही बाजूंनी फवारून सुमारे दहा मिनिटे मुरू द्यावे. या द्रावणाचे रेणू एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरतात. त्यामुळे धुळीसह जुने तेल सुटून येते. द्रावण फिल्टरवरच वाळू देऊ नये, कारण सुटलेला मळ पुन्हा धाग्यांवर बसतो. म्हणून हे काम सावलीत करावे.

(ई) पाण्याने धुणे : नळाच्या मंद धारेने, थंड पाण्याने आणि नेहमी स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवावे. यामागील कारण असे की, धूळ ज्या वाटेने आत शिरली त्याच वाटेने ती बाहेर काढावयाची आहे. उलट दिशेने पाणी सोडल्यास बाहेरच्या थरातील कण आतल्या थरांत ढकलले जातात आणि पुढे तेच इंजिनाकडे निघतात. निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावे. आवश्यकता वाटल्यास द्रावणाची क्रिया पुन्हा एकदा करावी. जुन्या फिल्टरवर थोडी करडी छटा उरली, तरी ती दोष मानू नये.

(उ) वाळविणे : जादा पाणी हलकेच झटकून फिल्टर सावलीत, वारा खेळेल अशा जागी उभा ठेवावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. कोरड्या हवेत एक रात्र बहुधा पुरते, पण पावसाळ्यात आणि कोकणातील दमट हवामानात अधिक वेळ द्यावा लागतो. कापडात पाणी राहिल्यास तेल धाग्यांत नीट मुरत नाही आणि तेथे धुळीला वाट मिळते. घाई म्हणून केस वाळविण्याचे यंत्र, हीटर किंवा दाबाची हवा वापरू नये. उष्णतेने सुती कापड आकसते, तर दाबाच्या हवेने धागे सरकून सूक्ष्म भोके पडतात.

७. तेल देणे : देखभालीतील निर्णायक पायरी

वाळलेल्या फिल्टरला त्याच्यासाठीच तयार केलेले तेल द्यावे. बाटलीतील तेल असल्यास प्रत्येक चुणीच्या माथ्यावरून एकदाच बारीक धार ओढावी. फवाऱ्याचा डबा असल्यास प्रत्येक चुणीवरून एकदाच फवारा न्यावा. त्यानंतर सुमारे वीस मिनिटे थांबावे. या अवधीत तेल केशाकर्षणाने धाग्याधाग्यांतून पसरते. मग फिल्टर उजेडासमोर धरून दोन्ही बाजू पाहाव्यात. जेथे फिकट डाग दिसतील तेथेच थोडे तेल द्यावे आणि पुन्हा वीस मिनिटे थांबावे. रंग सर्वत्र सारखा झाला की काम पूर्ण झाले.

येथे दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. तेल कमी पडले, तर फिकट राहिलेल्या जागेतून धूळ आत जाते. तेल जास्त झाले, तर हवेचा मार्ग अडतो आणि जादा तेल प्रवाहाबरोबर पुढे ओढले जाते. अनेक मोटारींमध्ये फिल्टरच्या लगेच पुढे हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर असतो. त्यातील तापविलेली बारीक तार किंवा पट्टी वाहत्या हवेने किती थंड होते यावरून हवा मोजली जाते. या तारेवर तेलाचा आणि त्यावर धुळीचा पातळ लेप बसला, तर मोजमाप चुकते, इंजिन मंद गतीवर अडखळते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा इशारा-दिवा लागू शकतो. हवेचा दाब मोजून हिशेब करणाऱ्या काही मोटारींत असा सेन्सर नसतो, तरी जादा तेल त्यांनाही हितावह नाही.

'थोडे' आणि 'जास्त' हे शब्द सापेक्ष असल्याने येथे मापनाचा आश्रय घेता येतो. पूर्ण वाळलेला फिल्टर तेल देण्यापूर्वी वजन करावा, योग्य तऱ्हेने तेल दिल्यावर पुन्हा वजन करावा आणि फरक वहीत तारखेसह लिहून ठेवावा. पुढील वेळी तेवढेच तेल द्यावे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साध्या तराजूवर हे सहज जमते. उत्पादकाने फिल्टरच्या आकारानुसार तेलाचे प्रमाण दिले असल्यास ते प्रमाण मानावे.

विशिष्ट तेलाऐवजी घरातील किंवा गॅरेजमधील तेल का चालत नाही, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. इंजिन ऑइल घर्षण कमी करण्यासाठी बनविलेले असते. ते धाग्याला पुरेसे चिकटून राहत नाही आणि प्रवाहाबरोबर पुढे सरकते. खाद्यतेल हवेच्या संपर्काने घट्ट व चिकट राळेसारखे होते आणि मग ते धुतले जात नाही. फिल्टरच्या तेलाचे वैशिष्ट्य म्हणजे ते पसरते, चिकटते आणि उडून जात नाही. या तिन्ही गुणांचा मेळ इतर तेलांत सहसा आढळत नाही.

८. पुन्हा बसविणे आणि पडताळणी

फिल्टर बसविण्यापूर्वी डब्यातील पाचोळा, किडे व वाळू ओल्या फडक्याने काढावी आणि पाणी निचरण्याचे छिद्र मोकळे आहे याची खात्री करावी. नळीच्या तोंडावरील कापड आठवणीने काढावे. कडेची पट्टी कोठे चिरली, दबली किंवा सुटली आहे का ते बोट फिरवून पाहावे. फिल्टरचे कापड कितीही उत्तम असले, तरी कडेला राहिलेल्या फटीतून येणारी हवा अजिबात गाळली जात नाही. किंबहुना अवरोध नसल्याने हवा तीच वाट पसंत करते. जाळी तुटली असल्यास, कापड फाटले असल्यास किंवा उजेडासमोर धरल्यावर स्वतंत्र भोके दिसत असल्यास तो फिल्टर टाकून द्यावा. पुनर्वापरक्षम म्हणजे अविनाशी नव्हे.

बसविल्यानंतर सुमारे एक हजार किलोमीटरनी झाकण उघडून फिल्टरच्या स्वच्छ बाजूच्या नळीत पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर करडी, खरखरीत धूळ आल्यास फिल्टर किंवा त्याची कड गळते आहे. फडक्यावर रंगीत तेल आल्यास तेल जास्त झाले आहे. ही चाचणी बिनखर्चाची आहे. अधिक नेमकी माहिती हवी असल्यास वापरलेल्या इंजिन ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करता येते. त्यातील सिलिकॉनचे वाढते प्रमाण हे धूळ आत जात असल्याचे प्रमुख लक्षण मानले जाते.

९. रूढ पद्धतींतील दोष

अनेक गॅरेजांमध्ये कोणत्याही फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मारणे हा सर्व्हिसिंगचा भागच झाला आहे. सुती फिल्टरमधील धूळ तेलाने धरलेली असल्याने हवेने ती पूर्ण निघत नाही, पण कापडाची इजा मात्र होते. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलमध्ये फिल्टर बुचकळणे ही दुसरी रूढ पद्धत. या द्रवांनी तेल निघते हे खरे, परंतु कडेची पॉलियुरेथेन पट्टी फुगण्याचा व ठिसूळ होण्याचा संभव असतो आणि आगीचा धोका तर उघडच आहे. वॉशिंग सेंटरवरील जोराच्या फवाऱ्याने किंवा वाफेने धुणे हेही तितकेच त्याज्य होय. आणखी एक प्रकार म्हणजे मूळ डबा काढून इंजिनाशेजारी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसविणे. आवाज बदलल्याने शक्ती वाढल्याचा भास होतो, पण तो फिल्टर इंजिनाच्या खोलीतील तापलेली हवा ओढतो. ३० अंश सेल्सिअसची हवा ६० अंशांवर गेल्यास तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. ज्या एका टक्क्यासाठी खटाटोप केला त्याच्या कित्येक पट येथे गमावले जाते.

१०. खर्च आणि पर्यावरण

पुनर्वापरामुळे कचरा कमी होतो हा सुती फिल्टरचा सबळ मुद्दा आहे, परंतु त्याचा हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. फिल्टरच्या किमतीत स्वच्छता-द्रावण, तेल आणि मालकाचा वेळ धरावा लागतो. धुतलेल्या पाण्यात तेल, अपमार्जक आणि रस्त्यावरील धूळ असते. ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा झाडांच्या आळ्यात सोडू नये. द्रावण लागेल तेवढेच वापरावे, पहिले गढूळ पाणी बादलीत धरावे आणि ते सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे. ज्यांचा प्रवास कमी आहे आणि ज्यांना ही निगा राखणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वेळेवर बदललेला कागदी फिल्टर हाच अधिक सुरक्षित पर्याय होय. ज्यांची मोटार बरीच धावते, जे ती दीर्घकाळ बाळगतात आणि नोंदी ठेवतात, त्यांना सुती फिल्टर किफायतशीर ठरू शकतो. फिल्टर बदलण्यापूर्वी मोटारीच्या वॉरंटीच्या अटी वाचून घ्याव्यात.

११. निष्कर्ष

(१) तेल दिलेल्या सुती फिल्टरमध्ये गाळण्याचे काम मुख्यतः तेलाच्या थरामुळे साधते, म्हणून धुण्याइतकेच किंबहुना त्याहून अधिक महत्त्व तेल देण्यास आहे.

(२) सामान्य मोटारीत या फिल्टरमुळे होणारी शक्तीची वाढ अल्प असून आधुनिक पेट्रोल इंजिनात इंधनाच्या बचतीची अपेक्षा बाळगणे योग्य नाही.

(३) मळकेपणा हा धुण्याचा निकष नव्हे. जाळी झाकली जाणे, चुण्या भरणे आणि तेलाचा रंग जाणे हे खरे निकष होत. अकारण व वारंवार धुणे हानिकारक आहे.

(४) स्वच्छ बाजूकडून मंद पाणी, सावलीत पूर्ण वाळविणे, मोजून तेल आणि कडेची तपासणी या चार गोष्टी सांभाळल्यास फिल्टर अनेक वर्षे सेवा देतो.

पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या चारही विषयांचा संगम या लहानशा वस्तूत झालेला आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांकडून वजनाची नोंद, फडक्याची चाचणी आणि धुळीचे सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण असा छोटा प्रकल्प करवून घेतल्यास, आपल्या परिसरातील रस्त्यांवरची धूळ प्रत्यक्षात कशी आहे आणि फिल्टर धुण्याचे अंतर तेथे किती असावे, याचे उत्तर स्थानिक पुराव्याच्या आधारे मिळू शकेल.